चाळिसावी निरोगी बाई

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला एक खोली होती. दारावर तिचं लांबलचक नाव लिहिलेलं होतं, पण ते वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. सगळे तिला धारेची खोली म्हणत आणि ती सांभाळणाऱ्या बाईंना धारवाल्या ताई. ताईंना हे नाव मुळीच पसंत नव्हतं. पण सव्वीस वर्षांत ते इतकं चिकटलं होतं की फोनवर त्या स्वतःच बोलून जात, "हो, धारवाल्या ताईच बोलतेय."

काम तसं सरळ होतं. मधोमध भोक असलेली एक खुर्ची, खाली नरसाळं, त्याखाली वजन मोजणारं यंत्र. बाईने भरपूर पाणी पिऊन यायचं, लघवीला लागली की खुर्चीवर बसायचं. यंत्र कागदाच्या पट्टीवर धारेची रेघ काढायचं. सगळं ठीक असेल तर रेघ टेकडीसारखी चढते आणि उतरते. मग पोटावर सोनोग्राफी करून आत किती उरलं ते बघायचं. ताई दाराबाहेर स्टुलावर बसून म्हणत, "सावकाश होऊ द्या. घाई नाही. इथे लाजायचं काय?" तरीही नाही जमलं तर आतला नळ बारीक सोडायला सांगत.

स्वतः ताईंचा थाट वेगळाच. सकाळी घरून निघालं की संध्याकाळी घरी पोचेपर्यंत त्यांना जावंच लागत नसे, आणि याचा त्यांना केवढा अभिमान! खोलीतली खुर्ची पेशंटची, स्टाफचं टॉयलेट दोन मजले वर आणि दाराशी सदा रांग. म्हणून त्या पाण्यालाच शिवत नसत. दिवसभर लोकांना "अजून एक ग्लास घ्या हो" असा आग्रह करणाऱ्या या बाईची स्वतःची बाटली जशी भरून जाई तशीच घरी परत येई.

"आज कुठे फिरवून आणलंस हिला?" नवरा बाटली हातात घेऊन विचारी.

"तुम्ही रात्रीतून तीनदा उठता, तुम्ही बोलूच नका," ताई ऐकवत. "माझ्या पोटात टाकी आहे, टाकी!"

अशात विभागात नव्या डॉक्टरीणबाई आल्या. कपाट उघडून बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, आजारी बायकांच्या पट्ट्या ढीगभर आहेत. पण ठणठणीत बाईची धार कशी असते, हे आपण कधी मोजलंय? मग ताडून कशाशी बघायचं?" चाळीस निरोगी बायका हव्या होत्या. ताईंनी पदर खोचला. नर्सेस झाल्या, शिवणकाम करणाऱ्या बाई झाल्या, बँकेतली कॅशियर झाली. जाऊबाईंनाही गाठलं. "काही होत नाही म्हणून दवाखान्यात जायचं? हे कसलं नवीन खूळ?" असं कुरकुरत जाऊ आली, पण तिची रेघ अशी देखणी निघाली की तिचा विश्वासच बसेना. नशिबाने आली नाही हे दाखवायला तिने तासाभराने हट्टाने पुन्हा एकदा करून घेतली. ती तर आणखी सुरेख. पट्टीचा फोटो महिनाभर नातेवाइकांत फिरत होता. जास्तीची पट्टी ताईंच्या खणात पडून राहिली.

एक शाळेतल्या बाई मात्र बसल्या नाहीत या यादीत. त्यांची रेघ चढे, खाली येई, थांबे, पुन्हा धडपडत चढे. पोटातही बरंच उरलेलं. पहिल्यांदा लाजेनेही रेघ बिघडते, म्हणून अशा वेळी दुसऱ्यांदा घ्यायचा नियम होता. दुसऱ्यांदाही तेच.

"दिवसभर धरून ठेवता ना?" ताईंनी विचारलं.

"शाळेच्या टॉयलेटला आतून कडी नाही हो."

"हे काय कारण झालं? तुम्ही शिकलेल्या बायका, आणि शरीराची ही हेळसांड?"

शाळेतल्या बाई मान खाली घालून निघून गेल्या. ताईंनी त्यांची पट्टी आजारी बायकांच्या कपाटात लावली.

एकोणचाळीस भरल्या. चाळिसावी जागा ताईंनी स्वतःसाठी राखून ठेवली होती आणि येणाऱ्या प्रत्येकीला तसं सांगितलंही होतं. जावेला तर सांगूनच टाकलं होतं, "माझी रेघ आली ना, की तुझी टेकडी म्हणजे उंचवटा वाटेल."

शुक्रवारी दुपारी ताईंनी आयुष्यात पहिल्यांदा ती बाटली हॉस्पिटलात पिऊन रिकामी केली आणि खुर्चीवर बसल्या. बाहेर स्टुलावर डॉक्टरीणबाई. आतून काहीच चाहूल लागेना, तेव्हा त्या गोड आवाजात म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या, ताई. घाई नाही. इथे लाजायचं काय?"

हे वाक्य ऐकायला किती भयंकर लागतं, ते ताईंना सव्वीस वर्षांनी कळलं. शेवटी मुकाट्याने नळ सोडावा लागला. रेघ आली ती अगदी वेडीवाकडी. डॉक्टरीणबाईंना तेवढ्यात वॉर्डातून बोलावणं आलं. "ही लाजेची, धरायची नाही," त्या जाता जाता म्हणाल्या. "दुसरी तुमची तुम्हीच घ्या आणि वहीत नोंदवून टाका. तुमच्यावर कोण संशय घेणार?"

दुसऱ्यांदा बाहेर कुणी नव्हतं. पण नरसाळ्यातल्या आवाजावरून ताईंना पट्टी न बघताच रेघ दिसे. आवाज आला, थांबला, आला, थांबला. पोटावर यंत्र फिरवलं तर आकडा शाळेतल्या बाईंच्याही वर. म्हणजे टाकी होती, फक्त ती रिकामी होत नव्हती.

समोर वही उघडी, चाळिसावी ओळ कोरी. खणात जावेची जास्तीची पट्टी. ताईंनी ती काढून हातात घेतलीसुद्धा. कुणाला कळणार होतं? जाऊ हसणार नाही, नवरा टोमणे मारणार नाही आणि डॉक्टरीणबाईंचं काम आजच पुरं होईल. ताई बराच वेळ ती रेघ बघत बसल्या. उद्यापासून येणाऱ्या प्रत्येक बाईला या चाळीस पट्ट्यांशी ताडून बघायचं होतं. आणि मुख्य म्हणजे, पोटात उरलेलं काही त्या पट्टीने जाणार नव्हतं. ताईंना भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त शरम वाटली. धरून का ठेवता, असं आत्ता कुणी विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, बाहेर रांग असते हो.

त्यांनी जावेची पट्टी फाडून टाकली. स्वतःची नेऊन शाळेतल्या बाईंच्या पट्टीशेजारी लावली. मग वहीतून नंबर शोधून फोन केला.

"मी धारवाल्या ताई. त्या दिवशी मी तुम्हाला नको तेवढं बोलले."

पलीकडून शाळेतल्या बाई म्हणाल्या, "जाऊ द्या हो. तुम्ही स्वतःची करणार होतात ना? कशी आली?"

"तुमच्यासारखीच," ताई म्हणाल्या, आणि दोघीही हसल्या. "सोमवारी या. डॉक्टरीणबाईंना एकत्रच दाखवू. आणि कडीचं बघते मी. आमचा सुतार पाठवते शाळेत."

सोमवारी बारा वाजता धारेच्या खोलीबाहेर नेहमीसारखी रांग होती. पोटं तुडुंब भरलेल्या सात बायका पाय हलवत बसलेल्या. दार बंद, आणि त्यावर एक चिठ्ठी: "दहा मिनिटांत येते."

"आम्हाला असं ताटकळत ठेवून ही बाई गेली कुठे?" एक आजी करवादल्या.

तिथेच बसलेल्या शाळेतल्या बाईंनी जिन्याकडे बोट केलं. "दोन मजले वर," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्षांनी."