नऊ नंबरचा दाखला

"इथं सही करा आणि खाली दुकानाचा शिक्का मारा," असं म्हणून साहेबांनी टाइप केलेला कागद माझ्या हातात दिला.

आम्ही हसनाबादला गयाबाईंच्या घरात बसलो होतो. समोर सतरंजीवर निळी जर्सी पसरलेली. कागदावर लिहिलं होतं की ही नऊ नंबरची जर्सी मी तयार केली आहे आणि कै. अंकुश याने ती राज्य स्पर्धेच्या फायनलला घातली होती. पहिली गोष्ट खरी होती. दुसरी खोटी होती, आणि खोलीतल्या तिघांना ते माहीत होतं. एक मी, दुसरा दारात उभा असलेला अंकुशचा मोठा भाऊ रामेश्वर आणि तिसरे गावच्या कबड्डी मंडळाचे अध्यक्ष. माहीत नव्हतं ते साहेबांना आणि अंकुशच्या आईला, गयाबाईंना.

माझं दुकान जुन्या जालन्यात, कापड गल्लीच्या टोकाला. खेळाचे कपडे आणि त्यावर नाव-नंबर, एवढाच धंदा. नंबर रबरासारख्या पातळ शीटमधून कापायचा, जर्सीवर ठेवायचा आणि हीट प्रेसखाली दाबायचा. हीट प्रेस म्हणजे मोठी इस्त्रीच समजा. जिल्ह्यातल्या बहुतेक कबड्डी मंडळांच्या पाठीवर माझे आकडे आहेत. पोरं मला काका म्हणतात आणि उधारी बुडवतात.

अंकुश या मंडळाचा चढाईपटू. घरची मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. मेंढरांमागे धावून पायात जी ताकद आली होती ती कुठल्या जिममध्ये येत नाही. फायनल आम्ही हरलो, पण सगळ्यात जास्त गुण त्याचे. त्यानंतर आठ महिन्यांनी भोकरदन रोडवर त्याची मोटारसायकल उभ्या ट्रॉलीवर गेली. चोवीस वर्षांचं पोरगं. मी त्या दिवशी शटर वर केलं नाही.

साहेबांची जालन्यात बियाण्यांची कंपनी आहे. त्यांना जुन्या बॅटी, हातमोजे, खेळाडूंच्या जर्सी गोळा करायचा नाद. नावाजलेल्यांच्याच नाही, आपल्या भागातल्या पोरांच्याही. माणूस सरळ, पण व्यवहाराला पक्का. या भेटीच्या महिनाभर आधी ते माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "अंकुशचा नऊ नंबर आपण रिटायर करू."

"म्हणजे काय करायचं?"

"अमेरिकेत बेसबॉलमध्ये करतात. मोठा खेळाडू थांबला किंवा गेला की क्लब त्याचा नंबर कायमचा बंद करतो. भिंतीवर लावतो. पुढं तो आकडा कुणालाच मिळत नाही."

"याच्यात क्लबचा काय फायदा?"

"फायदाच आहे की. समारंभाला मैदान भरतं. त्या नंबरचे टीशर्ट विकले जातात. आणि त्यानं अंगात घातलेले जे दोन-चार शर्ट उरलेत, त्यांचा भाव चढतो. आमच्याकडं एखादं चांगलं वाण बंद झालं की शेतकरी तेच बियाणं शोधत फिरतो का नाही? तसंच."

या धंद्यात जर्सीच्या तीन जाती असतात. एक दुकानात कुणालाही मिळणारी नक्कल. दुसरी खेळाडूसाठी केलेली, पण त्यानं न घातलेली. तिसरी सामन्यात घातलेली. कापड तेच, शिवण तीच, नंबर चिकटवणारा माणूसही तोच. तरी पहिली हमालाच्या पोराला परवडते आणि तिसरी काचेत बसते. फरक एवढाच की अंगात कोण होतं. ते कापडावर दिसत नाही, म्हणून कुणीतरी लिहून द्यावं लागतं.

साहेबांचा सौदा साधा होता. फायनलची जर्सी त्यांच्या काचेच्या कपाटात जाईल. बदल्यात ते मंडळाला कबड्डीची मॅट देतील. हल्ली मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात आणि आमची पोरं मातीवर सराव करून तिथं घसरतात. मॅट घेणं मंडळाच्या बापजन्मी जमलं नसतं. समारंभासाठी नऊ नंबरच्या टीशर्टची ऑर्डर मला मिळणार होती, हेही सांगितलेलं बरं. गयाबाईंनी आठवडाभर विचार केला आणि होकार दिला.

मला तेव्हाच खटकायला हवं होतं, कारण फायनलची जर्सी उरलेली नाही हे मला ठाऊक होतं. पण वाटलं, असेल दुसरी एखादी. ऑर्डर दिसत असली की माणसाला असलं बरंच काही वाटतं.

सतरंजीवरची जर्सी पाहिली आणि लगेच ओळखली.

खरी जर्सी जळाली होती. अंकुशला नेलं तेव्हा मंडळाच्या पोरांनी ती त्याच्या अंगावर पांघरली आणि ती त्याच्यासोबत गेली. सगळ्या पुरुषांनी पाहिलं. आमच्याकडं बायका स्मशानात जात नाहीत, त्यामुळे आईनं पाहिलं नाही. चौथ्या दिवशी तिनं जर्सी मागितली. रामेश्वरच्या तोंडून निघून गेलं की मंडळाच्या पोरांकडं आहे, आणतो. दहाव्याच्या आधी तो माझ्या दुकानात उभा होता.

"काका, सेम टू सेम पाहिजे. माय रोज इचारून राह्यलीय."

मी करून दिली. नुसती करून दिली नाही, माझी सगळी कारागिरी त्यात ओतली. नंबरला तडे जावेत म्हणून तीनदा गरम पाण्यातून काढली. खांद्यावर विटकर घासली. रामेश्वर ती घालून दोन दिवस मेंढरांमागं हिंडला, म्हणजे घामाचा वास लागेल. तेव्हा मला वाटलं होतं, पुण्याचं काम केलं.

आणि आता गयाबाई त्या जर्सीच्या बाहीवरून हात फिरवत साहेबांना सांगत होत्या, "तीन वर्षं झाले, पान्याला लावली न्हाई मी. दर अमुशाला उन्हात टाकते अन् पेटीत ठेवते. लेकराचा घाम हाय त्यात. तुमीबी धुवू नका बरं."

"नाही धुणार," साहेब म्हणाले. "नंबरला तडेही बरोबर वापरल्यासारखे पडलेत. काका, करा सही."

मी म्हणालो, "जुनं बिलबुक बघावं लागेल. कागद घेऊन जातो, दोन दिवसांनी देतो."

"बिलबुक कशाला? तुमच्या हातचं काम तुम्ही ओळखत नाही?"

ओळखत होतो, तीच तर अडचण होती. मी साहेबांना म्हणालो, जरा बाहेर येता का. अध्यक्ष आमच्याआधी उठून अंगणात आले आणि मला बाजूला ओढून हळूच म्हणाले, "काका, मारा ना शिक्का. कोन बघायला येऊन राह्यलं? पोरांना मॅट भेटंल, म्हातारीला समाधान. कोनाचं काय जातं?"

खरंच कुणाचं काय जात होतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. पण आयुष्यभर मी माल दिला त्याच्यावर काय दिलं ते खरं लिहिलं. त्या दिवशी पेन चालेना. साहेबांना मी एवढंच सांगितलं, "ही फायनलची नाही. कारण विचारू नका. काहीतरी निमित्त सांगून सौदा मोडा, बाईंना कळू देऊ नका."

साहेबांनी कारण विचारलं नाही. "ठीक आहे," म्हणाले.

आत जाऊन त्यांनी कंपनीचं बजेट, पुढच्या वर्षी बघू, असं काहीतरी सांगायला सुरुवात केली. पण तीन वर्षं जपलेली वस्तू द्यायला ज्या बाईनं मन घट्ट केलं होतं, तिला बजेट सांगून भागणार नव्हतं. गयाबाईंनी साहेबांना मध्येच थांबवलं आणि माझ्याकडं वळल्या.

"तुमी बाहेर काय सांगितलं यांना?"

"काही नाही, वहिनी."

"माझ्या लेकराची न्हाई म्हनले का? मी खोटी हाय का?"

मी मान खाली घातली. मोठ्या माणसानं मान खाली घातली की त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

"तुमीच केल्ती ना ही? बोला की."

"केली मीच. पण…"

"माय," रामेश्वर दारातून म्हणाला, "काकाला नको बोलू. मी सांगितल्तं करायला."

त्यानं सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, चौकटीला धरून. गयाबाई ऐकत होत्या. रडल्या नाहीत. सांगून झालं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "अन् ती कुठं गेली मंग?"

"त्याच्यासंगच गेली. पोरांनी अंगावर टाकल्ती."

"मला कोनी सांगितलं न्हाई."

"बाया येत न्हाईत ना माय तिथं."

"येत न्हाईत," त्या म्हणाल्या. "पर घरी वाट पाहत बसतात."

साहेबांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि घडी करून खिशात घातला. गयाबाईंनी जर्सी उचलली, काखेची जागा नाकाजवळ नेली आणि रामेश्वरकडं पाहिलं.

"हा घाम कोनाचा?"

"माझा."

त्यांनी जर्सी खाली ठेवली. मला वाटलं, त्या त्याला जवळ घेतील. तोही त्यांचाच मुलगा. त्यालाही तसंच वाटलं असावं, कारण तो दोन पावलं पुढं आला होता. पण त्या उठून आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. तो तिथंच उभा राहिला. मी या धंद्यात पुष्कळ हरलेली पोरं पाहिली आहेत, तसं तोंड कुणाचं पाहिलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. साहेबांनी मॅट दिली नाही. त्यांचं म्हणणं, अस्सल वस्तू नाही तर व्यवहार नाही. त्यात मला त्यांची चूक दिसत नाही. समारंभ झाला नाही, टीशर्टची ऑर्डर गेली. मंडळानं त्या वर्षीच्या जर्सी दुसऱ्या दुकानातून केल्या. माझ्यावर राग होता. त्या जर्सी मी भोकरदनच्या एका स्पर्धेत पाहिल्या. आठनंतर एकदम दहा. नंबर पोरांनी कुणाला न विचारता बंद केला होता. त्याचा भाव कुणी काढला नाही.

दिवाळीच्या सुमारास रामेश्वर दुकानात आला. घ्यायचं काही नव्हतं, बसला फक्त. मी चहा मागवला.

"माय कशी आहे?"

"बरी हाय. बोलते आता. जेवायला वाढते."

"आणि जर्सी?"

"पेटीतच हाय. पर अमुशाला काढत न्हाई. ती पेटीच उघडत न्हाई आता."

चहा पिऊन तो गेला. मी त्या माउलीला अमावस्येचे वर्षाला बारा दिवस दिले होते, लेकराला उन्हात बसवायचे, आणि मीच ते काढून घेतले. खरं सांगितल्याचा पस्तावा नाही. आधी इतकं चांगलं खोटं केलं, त्याचा आहे. इतकं हुबेहूब केलं नसतं तर ती माउली दहाव्यालाच रडून मोकळी झाली असती.

आजही महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी फोटो घेऊन येतं. गेलेल्या भावाची, बापाची जर्सी हवी असते, सेम टू सेम. मी नाही म्हणत नाही, तेवढा दगड नाही झालो. फक्त नंबर बोटभर खाली चिकटवतो. गिऱ्हाईक तक्रार करतं, काका, चुकलं. मी म्हणतो, चुकलं खरं, वय झालं आता. पैसे कमी घेतो, पण नंबर वर सरकवत नाही.