मुलाची मूठभर माती

माझे पती गेले तेव्हा घरी आलेल्या प्रत्येकाने मला काही ना काही समजावून सांगितलं. देवाची इच्छा, चांगल्या ठिकाणी गेले, आता धीर धरा. मी कॉलेजात ग्रंथपाल होते. कुठलं वाक्य कुठून उचललेलं आहे हे मला लगेच कळतं आणि त्या दिवसांत त्याचा फार त्रास झाला. एकट्या पाळकसाहेबांनी काही समजावलं नाही. ते पलंगाजवळच्या चष्म्याकडे बराच वेळ बघत बसले आणि मग म्हणाले, "वाचताना ओठ हलायचे का त्यांचे?"

हलायचे. त्यावरून मी त्यांना जन्मभर चिडवलं होतं. त्या प्रश्नाने मला पहिल्यांदा रडू आलं, आणि मला कोणी गप्प केलं नाही. पुढे मी जे केलं ते या प्रश्नाच्या जोरावर केलं, असं आज वाटतं.

आमची ल्यूथरन मंडळी लहान आहे. स्वतःचं चर्च नाही. डोंबिवलीत एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारची उपासना होते, बाकी ठिकाणी घरोघरी प्रार्थनासभा. कळव्यापासून खडवलीपर्यंत पाळक एकच. आंबिवलीत कोणी आजारी पडलं, ठाण्यात कोणाचं बारसं निघालं, कल्याणला कोणाचा नवरा घर सोडून गेला, की साहेबांची स्कूटर निघते. प्रत्येक घरात त्यांच्यासाठी हातांची खुर्ची ठेवलेली असते. चहा येतो, पोहे येतात, आणि सभा संपता संपता घरातलं कोणीतरी म्हणतं, साहेब, आमच्यासाठी प्रार्थना करा. ते करतात. साहेबांसाठी प्रार्थना करू या, असं म्हणालेलं मी तरी कोणाला ऐकलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात त्यांची आई गेली. नागपूरपलीकडे, सौंसरकडच्या खेड्यात. तिथल्या मंडळीला पाळक नाही, म्हणून आईचा दफनविधी साहेबांनीच केला, आणि रविवारी परत येऊन आमच्यासमोर पाळकाचा झगा घालून उभे राहिले. मंडळीच्या सेक्रेटरींनी सूचना वाचल्या. हॉलमधला मागचा पंखा बिघडला आहे, आदरणीय पाळकसाहेबांच्या मातोश्री प्रभूमध्ये निजल्या, संडे स्कूलची सहल पुढे ढकलली आहे. उपासनेनंतर लोकांनी हात मिळवले. "साहेब, किती खंबीर आहात," असं एक बाई म्हणाल्या. साहेब हसले. ते हसणं मला ओळखीचं होतं. मी स्वतः वर्षभर तसंच हसत होते.

पतींची काही पुस्तकं द्यायची म्हणून मी त्यांच्या घरी गेले. पाळकीणबाईंनी दार उघडलं आणि पुस्तकं हातात घेता घेता हळूच सांगितलं, की हल्ली जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा मला करायला लावतात. स्वतः ताटाकडे बघत बसतात. साहेब बाहेर आले, आम्ही पुस्तकांबद्दल बोललो, आणि मध्येच त्यांचं गावाकडचं बोलणं वर आलं.

"बाई, लोकांसमोर उभा राहिलो की शब्द येऊन राहिले. एकटा बसलो की काहीच नाही. दोन महिने झाले, मी देवाशी बोललोच नाही."

मग म्हणाले, ईस्टर झाल्यावर बिशपसाहेबांना सांगणार आहे. झगा उतरवतो. आतून काही नसताना लोकांना सांत्वन देणं म्हणजे फसवणूकच आहे. पाळकीणबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना हे माहीत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

मी बोलकी नाही. पण घरी येईपर्यंत माझा संताप इतका वाढला, की किल्लीमागून किल्ली लावून बघत कुलूप उघडायला वेळ लागला. हा माणूस माझ्याकडे आला तेव्हा माझा शोक त्याने कोणाला आवरू दिला नाही. आणि आम्ही त्याचा शोक पंखा आणि सहल यांच्या मध्ये वाचून टाकला.

पुढच्या रविवारी मी सेक्रेटरींना गाठलं. साहेबांच्या आईसाठी माझ्या घरी प्रार्थनासभा ठेवते, म्हटलं. साहेब त्यात शोक करणारे म्हणून बसतील. झगा नाही, प्रवचन नाही.

सेक्रेटरी चांगले गृहस्थ आहेत. रेल्वेतून निवृत्त झाले तरी वेळापत्रक सुटलेलं नाही. ते म्हणाले, दुसऱ्या पाळकांची तारीख मिळणं कठीण, ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे. मी म्हटलं, दुसरे पाळक नकोत, आपण चालवू. तेव्हा ते माझ्याकडे बघतच राहिले.

"आपण म्हणजे? तुम्ही?"

"हो. मी, तुम्ही. बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजक आहे, हे दर वर्षी ल्यूथरच्या धर्मसुधारणेच्या रविवारी तुम्हीच तर खणखणीत आवाजात वाचता."

"ताई, ते वाचायचं असतं," ते म्हणाले, आणि स्वतःच ओशाळले. मग गंभीर झाले. "पाळक रडताना लोकांनी बघितला, तर लोकांनी कोणाकडे बघायचं?"

"लोकांना एवढंच कळेल की त्यांची आई गेली."

सभेच्या दिवशी सेक्रेटरी आले. सगळेच आले. मी हातांची खुर्ची आतल्या खोलीत नेऊन ठेवली होती आणि बाहेर फक्त सतरंज्या. साहेब सवयीप्रमाणे झग्याची पिशवी आणि पवित्र शास्त्र घेऊन दारात उभे. "सलाम," म्हणाले, आणि त्यांची नजर खुर्ची शोधू लागली. मी पिशवी त्यांच्या हातातून घेतली. द्यायला ते तयार नव्हते, थोडी ओढाताणच झाली. मग भिंतीला टेकून पाळकीणबाईंच्या शेजारी सतरंजीवर बसले. हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं.

सेक्रेटरींनी नेहमीप्रमाणे गीत फार वरच्या सुरात उचललं. एका बाईंनी स्तोत्र वाचलं. मग मी साहेबांना म्हटलं, आईबद्दल सांगा. प्रवचन नको.

सुरुवातीला त्यांनी प्रवचनच सुरू केलं. माझी आई विश्वासू स्त्री होती, वगैरे. मग थांबले. म्हणाले, आईला वाचता येत नव्हतं. सगळी गीतं कानानेच पाठ. मी गावात पहिला संदेश दिला तेव्हा ती पहिल्या ओळीत बसली होती आणि भर उपासनेत म्हणाली, जोरात बोल न रे, मागं म्हातारी बसली आहे. ती मागची म्हातारी आईपेक्षा लहान होती. लोक हसले. साहेबही हसले आणि त्या हसण्यातच त्यांचा आवाज फुटला.

आमच्यात दफनाच्या वेळी पाळक आधी तीनदा माती टाकतो, मातीला माती असं म्हणत. मग घरचे एकेक मूठ टाकतात.

"मी तीनदा टाकली," साहेब म्हणाले. "पाळक म्हणून. मग बाजूला झालो, भावाला जागा दिली, बहिणीला दिली, गाववाल्यांना दिली. पुढची प्रार्थना उघडून उभा राहिलो. सगळं नीट झालं. परतीच्या गाडीत बसल्यावर लक्षात आलं, मुलाची माती टाकायचीच राहून गेली."

पाळकीणबाईंनी पदर तोंडाला लावला. ही गोष्ट त्यांनाही ठाऊक नव्हती. साहेब रडले, खूप वेळ, आणि आम्ही त्यांच्याकडे बघितलं, आणि आमच्यापैकी कोणाचाही विश्वास तेवढ्याने मोडून पडला नाही.

मग सेक्रेटरींनी घसा साफ केला. वाईट हेतू नव्हता, चाळीस वर्षांची सवय होती.

"शेवटची प्रार्थना आणि आशीर्वाद, पाळकसाहेब."

आणि साहेब उठू लागले. डोळे पुसत, एक हात जमिनीवर टेकून. ते बघून माझ्या अंगात जे आलं त्याला मी नाव देणार नाही.

"साहेब, खाली बसा," मी म्हटलं. "आज तुम्ही घरचे आहात."

ते अर्धवट उठलेले तसेच थांबले आणि बसले. आता पंचाईत अशी, की आशीर्वाद झाल्याशिवाय आमच्यात कोणी उठत नाही. कोणाला कुकर लावायचा होता, कोणाला खडवलीला परतायचं होतं, पण सगळे बसून. सेक्रेटरी माझ्याकडे बघत होते. मग द्या आता, असं त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट होतं.

मी उठले. जन्मभर जो आशीर्वाद मान खाली घालून घेतला, तो मी साहेबांच्या डोक्यावर हात ठेवून म्हटला. मध्ये एक ओळ विसरले. ती पाळकीणबाईंनी खालून सांगितली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. साहेबांना आमेन म्हणायची सवय नव्हती. त्यांचा आमेन सगळ्यांच्या मागून, एकटा आला.

त्यावरून लोक बोलले. बाईमाणसाने पाळकाच्या डोक्यावर हात ठेवला, असं ठाण्याच्या दोन घरांनी बिशपसाहेबांच्या कानावर घातलं. मला विचारलं तर मी पुन्हा ठेवीन. ईस्टरला साहेबांना गावी पाठवायचं, हेही मी मंडळीच्या सभेत उभं राहून मागितलं. ईस्टरला? पाळकाशिवाय? प्रभुभोजनाचं काय, भाकर आणि द्राक्षारस पाळकाशिवाय कोण देणार? मी म्हटलं, मेज रिकामं राहील. प्रभू तेवढ्यासाठी आपल्यावर रुसणार नाही, आणि रुसलाच तर माझ्यावर रुसू दे. हात वर करणाऱ्यांत पहिला हात सेक्रेटरींचा होता. का, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

ईस्टरची उपासना आम्ही केली. गीत इतकं वर लागलं की दुसऱ्या कडव्यात पुरुष गळाले. वाचणारीने भलताच अध्याय उघडला. पांढरं कापड घातलेलं रिकामं मेज समोर होतं आणि आम्ही त्याच्याकडे बघत, बेसूर, शेवटच्या कडव्यापर्यंत गेलो.

दुपारी साहेबांचा फोन आला. कबरीवर जाऊन आलो, म्हणाले. माती टाकली. नंतर तिथंच बसून थोडं बोललो देवाशी. जास्त नाही, थोडंच. मग विचारलं, उपासना कशी झाली?

"वाईट झाली," मी म्हटलं. "तुम्ही या. पण तुमच्याशिवाय वाईट का होईना, आम्हाला करता येते, हे आता लक्षात असू द्या."

पलीकडे ते हसले. माझ्या ओळखीचं ते हसणं हे नव्हतं.

"येतो," म्हणाले.