शेवटच्या कडव्यातलं नाव

किसन हिवाळे गेल्याची बातमी मला त्याच्या मुलीनं सकाळी फोनवर दिली. "अंकल, पपा इज नो मोअर," एवढंच ती म्हणाली. मुलगी बहारीनमध्ये वाढलेली. मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीत. मी सवयीनं विचारत गेलो... कधी, कुठे, कशानं. जालन्याच्या घरी, झोपेत, हृदयविकारानं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, तिला धीर द्यायचा राहिला. मी फक्त बातमी घेतली होती.

किसन आणि मी एकाच वस्तीतले, एकाच गायनपार्टीतले. जयंतीला, लग्नाला, गृहप्रवेशाला आमची पार्टी गायची. गाणी दोघंही लिहायचो. लोकांच्या तोंडी बसायची ती त्याची. आयटीआय करून तो बहारीनला गेला आणि तुबलीच्या एका वर्कशॉपमध्ये एसी मेकॅनिक म्हणून लागला. मी मराठी वर्तमानपत्रात काही वर्षं काढून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्याच एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर गेलो. पहिल्याच शुक्रवारी त्याला भेटायला तुबलीला गेलो, तर त्यानं बाकावरचे पाने-हातोडे बाजूला सारले आणि म्हणाला, "बस, संपादक. नवीन काय लिहिलंस?" मी उपसंपादक होतो. ही दुरुस्ती मी अनेकदा केली. त्यानं ती कधीच मनावर घेतली नाही. ढोलकी नव्हती म्हणून तो गॅसच्या रिकाम्या सिलिंडरवर ठेका धरायचा. दोन कॉम्प्रेसर दुरुस्त करता करता त्याचं गाणं पुरं व्हायचं, आणि माझं एक कडवं महिनाभर अडून असायचं. मला त्याचा मत्सर वाटे. हा शब्द मी विचार करूनच वापरतो आहे.

आमच्याकडच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतं, ही जुनी रीत. किसननं ती कधी चुकवली नाही. मी ती कधी पाळली नाही. बातमीत बातमीदार दिसू नये असं मला शिकवलं गेलं होतं, आणि तो नियम मी गाण्यालाही लावला. किसनला हे पटत नसे. "नाव टाक गड्या," तो म्हणायचा. "बिननावाचं गाणं म्हणजे मोकाट वासरू. जो दावं लावील त्याचं."

बहारीनमध्ये चौदा एप्रिलची जयंती त्या महिन्यातल्या सोयीच्या शुक्रवारी व्हायची, कारण सुट्टी त्या दिवशी. एका वर्षी जयंती समितीनं वेगळं ठरवलं. गायक बोलवायचे नाहीत. ज्यांनी गाणी लिहिली त्यांनाच मंचावर बसवायचं आणि ज्याचं गाणं त्यानंच म्हणायचं. देशातून दोन वयोवृद्ध कवी आणले. दोघांची गाणी गावोगावी पाठ होती, चेहरे मात्र कोणी पाहिलेले नव्हते. तिसरी खुर्ची किसनची, कारण तोवर गावाकडे त्याच्या गाण्यांची कॅसेट निघाली होती. चौथ्या खुर्चीसाठी माझं नाव निघालं, असं मला नंतर कळलं. पण समितीनं मला निवेदकाचं काम दिलं. "तुमची भाषा स्वच्छ आहे सर," सचिव म्हणाले.

म्हणून तो कार्यक्रम मी मंचाच्या कडेला उभं राहून पाहिला. रिफापासून हमद टाउनपर्यंतची माणसं मिळेल त्या गाडीतून आली होती. दोघा वृद्धांचे आवाज गेलेले. थोरले स्वतःचंच तिसरं कडवं विसरले आणि सभागृहानं ते पुरं केलं. "तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे," ते म्हणाले, "मग मला विमानानं आणलं कशाला?" लोक हसले, आणि पुढचं गाणं त्यांच्याआधी सुरू झालं. किसनची पाळी आली तेव्हा पहिल्या रांगेतले दाऊदभाई, मूळचे रत्नागिरीचे, लाउडस्पीकर त्यांचाच, उभे राहून ओरडले, "यल्ला, चला किसनभाऊ, खलास नाय करायचा, अजून एक!" किसननं आणखी तीन म्हटली. प्रत्येक गाण्याच्या शेवटी 'किसन म्हणे' आलं, की टाळ्या पडत. मी त्या टाळ्या थांबायची वाट पाहून पुढचं नाव पुकारत होतो.

मग किसननं माइक माझ्याकडे वळवला. "आता संपादक म्हणतील. स्वतःचं."

मी 'अंगठा पुसला मायनं, सही केली गं' म्हटलं. मनीऑर्डर घेताना अंगठा उठवणारी माझी आई म्हातारपणी सही करायला शिकली, त्यावरचं गाणं. पहिलं कडवं झालं. सभागृह शांत होतं... आदरानं शांत. माझ्यासाठी त्याहून वाईट काही नव्हतं. दुसऱ्या कडव्याला किसननं मागून झील उचलली, मोठ्यानं, खुर्चीच्या हातावर ठेका धरून. लोक त्याच्यामागे आले. शेवटी सगळं सभागृह गात होतं. तो मला सावरायला आला होता हे मला तेव्हाच कळलं, आणि त्याच क्षणी तो मला नकोसा झाला. बाहेर चहाच्या टेबलाजवळ दाऊदभाईंनी माझी पाठ थोपटली. "संपादक, किसनभाऊच्या गाण्यात आवाज बरा लावलात हां तुम्ही."

किसन शेजारीच होता. "अहो, गाणं त्याचं आहे," तो म्हणाला. दाऊदभाई हसले. त्यांना तो मोठेपणा वाटला.

नंतरही किसन ते गाणं कार्यक्रमात म्हणायचा आणि दर वेळी माझं नाव सांगायचा. पण सांगितलेलं नाव कोणाच्या लक्षात राहत नाही, गायलेलं राहतं.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी जालन्याला गेलो. वस्तीतल्या पोरांच्या पार्टीनं त्याची गाणी म्हटली. चौथं गाणं माझं होतं. शेवटच्या कडव्याला त्यांनी एक ओळ जोडली, जी मी लिहिलेली नाही: 'किसन म्हणे, माझ्या मायनं सही केली गं.' कोणी जोडली, हे मी पार्टीच्या म्होरक्याला विचारलं. "पहिल्यापासून असंच आहे काका," तो म्हणाला. नोकरीत मी चुकांचे खुलासे पुष्कळ छापले. इथं कोणाकडे पाठवायचा?

लोक पांगल्यावर किसनच्या घरात बसलो होतो. कोपऱ्यात तो सिलिंडर होता. परत येताना कार्गोच्या सामानात किसननं तोही आणला होता. वरच्या बाजूचा रंग त्याच्या बोटांनी गेलेला. मी त्यावर ठेका धरला आणि ती ओळ हळू म्हटली, किसनच्या जागी माझं नाव घालून. 'सिद्धार्थ म्हणे...' ठेका अडला. पुन्हा म्हटली. पुन्हा तिथेच अडला. मग 'किसन म्हणे' म्हटली, आणि ती सरळ निघून गेली.

त्याची मुलगी चहा घेऊन दारात उभी होती.

"दॅट्स पपाज साँग, ना अंकल?"

"ती एक ओळ त्याच्या नावाची. गाणं माझं."

तिनं चहा माझ्यापुढे ठेवला. "देन व्हाय डिडन्ट यू पुट युअर नेम?"

बातमीदार बातमीत दिसू नये, हे उत्तर इतकी वर्षं तयार होतं.

"बसत नव्हतं," मी म्हणालो.