मनकर्णाकाकूंची ओली काडीपेटी

पाथर्डीकडच्या त्या वस्तीत रेडिओ एकच, आप्पासाहेबांचा. आणि रेडिओहून मोठा आवाजही एकच, तोही आप्पासाहेबांचाच. एकाहत्तर साली सरहद्दीपलीकडच्या बातम्या ऐकून ते ओसरीवर कडाडत, "बायाबापड्यांची अब्रू लुटतेत, अन् दुनिया म्हनती, त्यांचा घरचा मामला! शेजाऱ्यानं नुसतं बगत बसायचं व्हय?"

भाकरी थापता थापता मनकर्णाकाकूंना नवल वाटलं. इतक्या वर्षांच्या संसारात नवरा पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोलला होता.

तेवढ्यात कुडापलीकडून कडूबाईची किंकाळी आली. भिमाजी बायकोला मारत होता, नेहमीसारखा.

"आवं, उठा की!"

"घरचा मामला हाय त्यांचा," आप्पासाहेब रेडिओची कळ पिळत पुटपुटले.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण!

"देशाची हद्द वलांडा म्हनता, अन् तुमच्यानं ह्यो कूड वलांडवना?" म्हणत काकूंनी विस्तव आणायला शेणाची शेणी उचलली आणि त्या भिमाजीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. चूल पेटवायला विस्तव मागणाऱ्या बाईला दारातून परत पाठवायचं नाही, ही वस्तीची रीत. ती भिमाजीलाही मोडवेना. त्याचा हात खाली आला.

"काकू, तुमच्यात काडीपेटी न्हाई?"

"वली झालीया."

"वली? पान्याचा टिपूस न्हाई औंदा!"

"आमची झालीया," म्हणत काकूंनी चुलीपुढे फतकल मारलं. कडूबाई डोळे पुसून भाकरी थापायला बसली. काकूंना भीती वाटत होती, लई वाटत होती. पण भिमाजी जेवून आडवा होईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

पुढे किंकाळी आली की काकूंची चूल विझायचीच. मग समोरच्या बनुबाईचीही विझू लागली. बायका शेण्या घेऊन दारात उभ्या राहत. भिमाजी चडफडे. मार कमी झाला, पण थांबला नाही.

मग काकूंना हिवताप आला आणि बनुबाईसकट बाकीच्या बायका ऊसतोडीला गेल्या. नेमकी त्याच संध्याकाळी किंकाळी आली. काकू उठायला गेल्या आणि भेलकांडून पडल्या. त्यांना रडूच कोसळलं.

ओसरीवर बातम्या चालू होत्या. आप्पासाहेबांनी एकदा रेडिओकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग कोपऱ्यातली शेणी उचलून ते बाहेर पडले. विस्तव मागायला गेलेला पुरुष त्या वस्तीने कधी पाहिला नव्हता.

पलीकडची किंकाळी थांबली.

"आप्पा, तुमी?" भिमाजीचा आवाज आला.

"व्हय," आप्पासाहेब म्हणाले. "आमची काडीपेटी वली झालीया."