पी थुआमींची काळी डुकरीण

रोगाने आमच्या टेकडीवरची डुकरांची सगळी खोपटं रिकामी केली. आजारी पडून पुन्हा उठली ती एकटी पी थुआमींची काळी डुकरीण; आमच्याकडे मोठ्या बाईला मानाने 'पी' म्हणतात. "हिच्या रक्तातच काही असेल, तर ते पिल्लांत उतरेल," असं थुआमी म्हणायच्या. त्याच साथीतून वाचलेला एक नर त्यांनी दूरच्या गावात शोधून काढला होता. तो पुढच्या आठवड्यात यायचा होता.

"काय पी, सोयरीक जमली का?" शेजारी चिडवायचे.

"जमली. तुमच्या पोरांपेक्षा बरा आहे नवरा!"

तेवढ्यात थुआमींचे यजमान रोखूमा वारले. आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या सोबतीला म्हणून घरचं जनावर मारतात आणि दुखवट्याला आलेल्यांना जेवू घालतात. धाकटे दीर कापलियाना थुआमींजवळ येऊन बसले.

"वहिनी, गावात मोठं जनावर तेवढं एकच उरलंय."

"कोंबड्या न्या, भाऊजी. सगळ्या न्या."

"दादाच्या सोबतीला कोंबड्या?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, ते रडत होते. थुआमींनी रोखूमांच्या छातीवरची चादर सारखी केली.

"ती परक्या माणसाला जवळ येऊ देत नाही. मीच आणते," त्या म्हणाल्या, आणि खायला घालताना रोज मारायच्या तशीच हाक मारत मागल्या दारी गेल्या.