परतीचे दहा दिवस

सासऱ्यांच्या नाण्यांच्या अल्बममध्ये शेवटच्या पानावरचा एक कप्पा अकरा वर्षं रिकामा होता. तिथं बसणारं चांदीचं नाणं त्यांना अखेर ऑनलाइन सापडलं. पार्सल फुटलं, नाणं टेबलावर आलं, आणि सुनेनं हात न लावताच ओळखलं की हे खोटं आहे.

ओळखणारच. बावीस वर्षं ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या आणि धातूच्या टोप्या बनवत होती. मेणाचा दात करायचा, त्याभोवती साचा घालायचा, त्यात वितळलेला धातू ओतायचा. साच्यात हवेचा बुडबुडा राहिला की धातूवर बारीकसा दाणा उठतो. असे दाणे शोधून घासून काढणं हेच तिचं रोजचं काम. नाण्यावरच्या राजाच्या कानामागे तसे दोन दाणे होते. खरं नाणं ठशाखाली दाबून पाडतात, त्यावर दाणा येईल कुठून?

ती सांगायला पुढे झाली, तेवढ्यात सासरे म्हणाले, "हात लावू नकोस. हे खरं नाणं आहे, तुझे खोटे दात नव्हेत."

तिने हात मागे घेतला आणि तोंडही मिटलं.

सासरे हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, पण ते फक्त कचेरीतून. घरात त्यांची हेडक्लार्की जोरात चालू होती. लग्नानंतर आठवड्याभरातच त्यांनी तिचं नाव 'दातवाली' ठेवलं. पाहुणे आले की म्हणायचे, "आमच्या सुनेचा खोट्याचा धंदा आहे." पाहुणे हसायचे, आणि नवरा पेपरात डोकं घालून बसायचा. तेही तिने एक वेळ खपवून घेतलं असतं. पण या माणसाच्या तोंडात जी कवळी होती ती तिनेच केलेली, तीन वेळा घासून, कुठे म्हणून टोचणार नाही अशी. आणि मित्रांना मात्र सासरे सांगायचे, मोठ्या डॉक्टरांकडून करवून घेतली. हे तिच्या जिव्हारी लागलं होतं.

नाणं परत करायला दहा दिवसांची मुदत होती. अकराव्या दिवशी महिन्यातला शेवटचा रविवार, म्हणजे सासऱ्यांचे नाणीवेडे मित्र घरी जमणार. त्यांत घड्याळजी असतो, आणि तो डोळ्याला भिंग लावल्याशिवाय कुठल्या नाण्याला मान डोलावत नाही. तिने हिशेब केला. दहा दिवस मूग गिळून बसायचं, बाकीचं घड्याळजी बघून घेईल. चारचौघांत हसं होणं कसं असतं ते एकदा त्यांनाही कळू दे.

पण गंमत अशी की सासऱ्यांचंही मन त्या नाण्यावर बसेना. फोटोत लखलखत होतं, हातात मरगळलेलं वाटत होतं. त्यांनी मुलाला विचारलं. मुलगा म्हणाला, "तुम्हाला वाटेल तसं करा, बाबा." सहाव्या दिवशी त्यांनी नाणं डबीत घालून वर चिकटपट्टी मारली, तेव्हा सुनेची नजर त्या डबीवरून हलेना. इतकी वर्षं वाट बघून हाती आलेलं असं निसटून जाणार? संध्याकाळी पट्टी काढलेली दिसली आणि तिला हायसं वाटलं. त्या रात्री ती भांडी घासताना चक्क गुणगुणत होती.

दहाव्या दिवशी सासरे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"सूनबाई, तुझ्या हाताखालून रोज धातू जातो. जरा बघ. ठेवू, का परत करू?"

त्यांनी तिला कधी काही विचारलं नव्हतं. तिने नाणं खिडकीपाशी नेलं, कानामागून नख फिरवलं. दोन्ही दाणे नखाला लागले, कडेला एक तिसराही लागला. क्षणभर वाटलं, सांगून टाकावं. मग सासरे उगाच हसले आणि तिला ती कवळी दिसली.

"ठेवा, बाबा," ती म्हणाली. "असं पुन्हा मिळायचं नाही."

रविवारी ती चहाचा ट्रे घेऊन मुद्दाम वेळेवर बाहेर आली. घड्याळजीनं भिंग लावलं, नाणं दोनदा फिरवलं आणि म्हणाला, "ओतीव आहे हो. फसवलं तुम्हाला." कोणीतरी फिदीफिदी हसलं.

"शक्यच नाही," सासरे म्हणाले. "सुनेनं तपासलंय. ही कवळी बघता ना? डॉक्टरबिक्टर काही नाही, हिनंच केली. आठ वर्षांत एकदाही टोचली नाही. धातूतलं काही सुटायचं नाही हिच्या नजरेतून."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. घड्याळजीला तिची कीव आली. "असू दे हो, त्या बाईंना नाण्यातलं काय कळणार?"

गप्प बसली असती तर ती फक्त अडाणी ठरली असती, निभावून गेलं असतं. पण ते तिला सोसेना.

"कानामागे दोन दाणे आहेत," ती म्हणाली. "तिसरा कडेला आहे, तो तुमच्या भिंगातून सुटला. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

सासरे तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी घड्याळजीच्या हातून नाणं घेतलं आणि स्वतःच्या हातानं त्या रिकाम्या कप्प्यात सरकवलं.

"बघा," ते मित्रांना म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं, हिच्या नजरेतून काही सुटत नाही?"

ती ट्रे धरून उभी होती. कोणीच कप उचलला नाही.