जागेवरचा रुमाल

कंडक्टरबाई गोधडी शिवायला बसत नसत, गोधडी सोडत असत. सकाळची कळंब गाडी सोडावी तशी. दुपारचे अडीच वाजले की स्टीलच्या पेल्यावर कात्री दोनदा वाजवायच्या, टण् टण्. ही डबल बेल. तेवढ्यावर गोधडीभोवती बसलेल्या आम्हा आठ जणींच्या सुया एकदम कापडात शिरायच्या. चहा आला की एकच टण्. कोणी हातातली ओळ पुरी करायला थांबलीच तर म्हणायच्या, "गाडी उभी झाली ना बाप्पा, आता कायले धक्के मारून राह्यली?"

तीस वर्षं त्या एसटीत कंडक्टर होत्या. राळेगावात त्यांचं खरं नाव विचाराल तर पोस्टमनसुद्धा दोन मिनिटं डोकं खाजवेल. उंच, सावळ्या, आणि आवाज असा की मागच्या सीटवरून बोलल्या तरी ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जावा. नोकरी संपल्यावर त्यांनी आमच्या लेआउटमध्ये घर बांधलं आणि जावयाची गाडी ठेवायला बाजूला पत्र्याचं शेड घातलं. पहिल्या दिवाळीला जावई गाडी घेऊन आले, तेव्हा शेडमध्ये सतरंजी होती, सतरंजीवर गोधडी होती आणि गोधडीभोवती बाया होत्या. गाडी चार दिवस उन्हात उभी राहिली. "गाडीले काही ऊन लागत नाही," एवढं जावयांना सांगून कंडक्टरबाई मोकळ्या झाल्या.

मी त्या शेडमध्ये गेले ती नाइलाजाने. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून मी नुकतीच निवृत्त झाले होते आणि घरात कोणाला सुखाने जगू देत नव्हते. पेपर आला की लाल पेन घेऊन चुका काढायचे. सुनेने लिहिलेली किराण्याची यादी दुरुस्त करून दुकानात पाठवायचे. हे सगळं गल्लीत पसरलं असणार, कारण एक दिवस कंडक्टरबाई फाटकात उभ्या राहिल्या.

"मॅडम, घरी बसून काय करून राह्यल्या? एक सीट खाली हाय."

"मला शिवणातलं काही येत नाही हो," मी म्हणाले.

"चढा तं आधी. तिकिटाचं मंग पाहू."

त्यांच्याजवळ एक पत्र्याचा ट्रे होता, कप्पे कप्पे असलेला. नोकरीतला तिकिटांचा ट्रे डेपोत जमा करावा लागला, तेव्हा हात रिकामा वाटू लागला म्हणून पत्रेवाल्याकडून त्यांनी हुबेहूब तसाच करून घेतला होता. सकाळी उजेड चांगला असताना त्या चाळीस सुया ओवून ठेवायच्या आणि रंगाप्रमाणे एकेका कप्प्यात लावायच्या. साठीपुढच्या डोळ्यांना सुई ओवण्याइतकं अपमानाचं काम दुसरं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आमच्यातल्या कोणाला कधी चष्मा कपाळावर चढवून दोरा ओला करत बसावं लागलं नाही. हात पुढे केला की सुई मिळायची, दोऱ्यासकट.

आणि दर अर्ध्या तासाने ती आरोळी यायची. "चला, पुढे सरका! पुढे जागा हाय!" सगळ्यांनी एक एक जागा सरकायचं. पहिल्या दिवशी मला ही थट्टा वाटली. नंतर लक्षात आलं की या सरकण्यामुळे कोणाचाही हात गोधडीच्या एकाच कोपऱ्यात राहत नाही. चांगल्या हाताचे टाके सगळीकडे जातात, कच्च्या हाताचेही सगळीकडे जातात. शिवाय जिच्याशी पटत नाही तिच्या शेजारी अर्ध्या तासाहून जास्त बसावं लागत नाही. हा फायदा त्यांनीच मला डोळा मारून सांगितला होता.

थंडी पडली की गोधड्या गुंडाळून ठेवायच्या आणि लोकर बाहेर काढायची. विणकाम त्या मुकुटबनच्या मुक्कामात शिकल्या होत्या. गाडी रात्रभर तिथे थांबायची, आणि तिथल्या एका नर्सबाईंनी त्यांच्या हातात सुया दिल्या होत्या. डेपोतल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या डोक्यावर कंडक्टरबाईंनी विणलेली कानटोपी असायची, आणि प्रत्येकाच्या डोक्याचं माप त्यांच्या तोंडपाठ असायचं. विणीची घरं मोजतानाही कंडक्टरची सवय जायची नाही. "चव्वेचाळीस बसलेले, अकरा उभे," असं पुटपुटत त्या सुलट-उलट करायच्या. एखादं घर सुटलं तर हातभर विणलेली बाही खसाखसा उसवून टाकायच्या, क्षणाचाही विचार करायच्या नाहीत.

गोधडीत मात्र उसवायला सक्त मनाई होती. एकीचा टाका दुसरीने उसवायचा नाही, मग तो कसाही असो. मी एकदा विचारलं, लोकरीला एक न्याय आणि गोधडीला दुसरा, असं का? "लोकर आपली एकटीची असते मॅडम," त्या म्हणाल्या. "गोधडीवर आठ जनी बसल्या हायत."

मला कळलं असं मी मान हलवून दाखवलं. कळलं नव्हतं.

त्या वर्षी उन्हाळ्यात माझ्या गोधडीची पाळी आली. माझ्या आईची चार जुनी लुगडी मी जपून ठेवली होती, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली. पुण्याच्या नातीसाठी त्यांची गोधडी करायची होती. लेकीचं घर मोठं नीटनेटकं, म्हणून गोधडीही तशीच जावी अशी माझी इच्छा. आणि आमच्यात होत्या जमनाबाई.

जमनाबाई आमच्यात सर्वांत वडील. त्यांचं आयुष्य तांड्यात गेलेलं. मुलाने मागच्या गल्लीत घर घेतलं तेव्हा त्या इकडे आल्या. दंडावर जुन्या पांढऱ्या बांगड्यांचे वळ अजून दिसायचे. त्यांचा उजवा हात थरथरायचा. धावदोरा घालायला लागल्या की एक टाका गव्हाएवढा, दुसरा चिंचोक्याएवढा, आणि ओळ अशी जायची की माझा हात लाल पेन शोधायचा. सरकत सरकत त्या माझ्या आईच्या हिरव्या लुगड्याच्या काठावर आल्या आणि तिथे वीतभर शिवून गेल्या.

शनिवारी मी काठाला पट्टी लावायचं निमित्त करून गोधडी घरी आणली. दार लावून घेतलं, चष्मा लावला आणि जमनाबाईंचे टाके एकेक करून काढले. त्या जागी माझे घातले, सरळ, एकसारखे, चार रेघी वहीत काढल्यासारखे. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. छत्तीस वर्षं मी हेच करत आले होते.

सोमवारी जमनाबाई आल्या. त्यांना डोळ्यांनी कमी दिसायचं, म्हणून बसण्याआधी त्या गोधडीवरून बोटं फिरवायच्या. हिरव्या काठावर त्यांची बोटं थांबली. पुन्हा एकदा फिरली. मग त्यांनी हातातली सुई ट्रेमध्ये नीट ठेवली, पदर सावरला, चपला घातल्या आणि निघून गेल्या.

मंगळवारी आल्या नाहीत, बुधवारी नाहीत. त्यांच्या जागेवर कंडक्टरबाईंनी आपला खाकी रुमाल टाकून ठेवला, एसटीच्या खिडकीतून टाकतात तसा. आम्ही त्या रुमालाला वळसा घालून सरकत होतो. गुरुवारी सगळ्या उठल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"उसवलं ना तुमी?"

"अहो, वाकडे होते टाके. आणि गोधडी माझीच आहे ना?"

"वाकडे तं होतेच. मले काय दिसत नाही?" त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "तीस वर्सं नोकरी केली. प्यालेला चढला, भांडखोर चढला, ओकनारा चढला. एकबी पॅसिंजर म्या रस्त्यात उतरवला नाही. तुमी उतरवला, मॅडम. आता तुमीच जा अन् घेऊन या. हा रुमाल मी सोमवारपावतर ठेवतो."

"आणि नाही आल्या तर?"

"मंग तुमचीबी सीट खाली समजा."

रविवारी सकाळी गोधडी काखेत मारून मी मागच्या गल्लीत गेले. वर्गातून बाहेर काढलेल्या पोरीसारखं वाटत होतं. निवृत्तीनंतर मला माणसांत बसायला मिळालेली ती एकच जागा होती, आणि ती मी माझ्या हाताने घालवून बसले होते.

जमनाबाई ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. मी माफी मागितली. पाठ करून आले होते, तरी अडखळले. त्यांनी ऐकून घेतलं आणि आत जाऊन एक कापडी पिशवी आणली. लाल जमिनीवर कवड्या, काचा, आणि काचांभोवती इतकं बारीक भरतकाम की माझा चष्मा अपुरा पडला. माझ्या हाताला ते सात जन्मांत जमलं नसतं.

"लग्नाच्या आधी केलती," त्या म्हणाल्या. "माही याडी शिकवे." आईला त्या याडी म्हणत. मग त्यांनी आपला थरथरता हात माझ्यापुढे धरला. "वाकडं पडते हे मले समजत नाई काय, बाई? घरी सून पाह्यते, नातू पाह्यते, म्हने आजी ठेव आता. त्या शेडात कोनी पाह्यत नाई. म्हून येत होती मी."

मला रडू आलं. लपवता आलं नाही आणि मी लपवलंही नाही. गोधडीच्या घडीतून कात्री काढून म्हणाले, माझे टाके मी आत्ता काढते, तिथे तुम्ही तुमचे घाला. त्यांनी कात्री माझ्या हातातून काढून घेतली.

"उसवू नको. जुनं लुगडं हाय, भोकं पडते. दोनदा टोचलं ते पुरे झालं." पहिल्यांदाच त्यांनी मला अगं-तुगं केलं. "माह्ये टाके मी बाजूनं घालतो. तू सुई ओवून दे."

त्या दिवशी ओट्यावर बसून त्यांनी वीतभर शिवलं. मी शेजारी बसून ज्वारी निवडली. सोमवारी कंडक्टरबाईंनी रुमाल उचलला, खांद्यावर टाकला आणि डबल बेल दिली. गोधडी पुण्याला गेली तेव्हा लेकीचा फोन आला, "आई, हिरव्या काठाला दोनदा का शिवलंय?" मी म्हटलं, "एकदा चुकले होते."

कंडक्टरबाईंचे गुडघे मात्र त्यांचं ऐकेनासे झाले. बसलं की उठवेना, उठलं की बसवेना. शेवटी लेक नागपूरहून आली आणि न्यायचं ठरवूनच आली. जाताना त्यांनी शेडची किल्ली जमनाबाईंकडे दिली. माझ्याकडे नाही. मला थोडं लागलं, पण बरोबरच होतं. स्टँडवर आम्ही आठही जणी गेलो. मी खिडकीतून रुमाल टाकून त्यांच्यासाठी जागा धरली, तर म्हणाल्या, "असा कोनी रुमाल टाकते काय? वाऱ्यानं उडन ना!" गाडीची कंडक्टर एक तरुण पोरगी होती. बाई सीटवर बसतात न बसतात तोच तिला सांगू लागल्या की मागचं दार नीट लागलेलं नाही. गाडी हलली आणि वळणाआड गेली. आम्ही बराच वेळ तिथेच उभ्या होतो. मला त्यांची आठवण येते, रोज येते, दुपारी अडीच वाजता तर येतेच.

त्यांच्या जाण्यानंतर जमनाबाईंनी शेड उघडलं. कंडक्टरबाईंचा खाकी रुमाल ट्रेमध्ये राहिला होता, तो त्यांनी बाईंच्या जागेवर पसरला. आम्ही त्याला वळसा घालून सरकू लागलो. बेल कोणी देत नव्हतं, जिला जेव्हा वाटेल तेव्हा ती सुरू करायची. असे पंधरा दिवस गेले. मग एका दुपारी व्हिडिओ कॉल आला.

"मॅडम, फोन खाली धरा. गोधडी दाखवा. हां. आता पॅसिंजर दाखवा." मी फोन गोल फिरवला. त्या तोंडातल्या तोंडात मोजत होत्या. "थांबा. तो रुमाल कोनाचा?"

"तुमचाच आहे."

पलीकडे त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला. मग नेहमीचा आवाज आला. "अन् दारात ते कोन उभी हाय?"

दारात सुनंदाबाई होत्या. तहसील कचेरीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या, तीन दिवसांपासून शेडपर्यंत येऊन परत जाणाऱ्या. जागा नाही असं आम्हीच त्यांना सांगितलं होतं.

"सीट खाली, अन् पॅसिंजर उभा?" कंडक्टरबाई कडाडल्या. "हेच शिकवलं काय म्या? मी काही आता येनार नाही मॅडम. रुमाल उचला. आवरा लवकर, गाडी लेट होऊन राह्यली."

कोणी हलेना. जमनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वाकून रुमाल उचलला, घडी केली आणि ट्रेमध्ये ठेवला. सुनंदाबाई संकोचून बसल्या. मी त्यांना ओवलेली सुई दिली आणि फोन उशीला टेकवून ठेवला. पेल्यावर कात्री दोनदा वाजवली. फोनमधून आवाज आला, "जाऊ द्या!"

सुनंदाबाईंनी पहिला टाका घातला आणि घाबरून मला विचारलं, "बरोबर आहे का हो मॅडम?"

मी त्या टाक्याकडे पाहिलं नाही. "पुढचा घाला," म्हटलं.